ऑक्टोबरात कोणी बंदूक विकत नाही

मंगळवार, २२ ऑक्टोबर १९९६
मुक्काम : तुझंच अंगण, पाण्याच्या टाकीजवळ

क्लेट यास,

पत्ता वाचून खिडकीशी धावायची गरज नाही. पडदा मघाशीच हलला, तो मी पाहिला. ‘प्रिय’ लिहिणार होतो, पण पेन्सिल वळेना. तू बरा असशील, गुरं बरी असतील, गोठ्याचं छप्पर अजून जागेवर असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक. माझा गुडघा ठीक नाही, पण त्यावर तुझा सल्ला नको. झालं, रीतभात संपली.

दार वाजवून वाजवून माझी बोटं सोलली. तू आतून काय ओरडलास? “मी मेलो असं समज आणि चालता हो!” हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

तू फोन उचलत नाहीस. रस्त्यात दिसलास तर पिकअप वळवून घेतोस. एप्रिलमध्ये इर्मा गेली तेव्हासुद्धा तू तिच्या पेटीच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. तुझी बायको होती हे कबूल, पण तुझी व्हायच्या आधी ती माझी बहीण होती. नंतर चर्चच्या तळघरात जेवताना मिठाची बाटली तुझ्यापाशी होती. तुझ्याकडे मागायला नको म्हणून मी बटाटे अळणी खाल्ले. असे आपण दोघं. तेव्हा तोंडानं बोलणं होणार नाही, हे धरूनच वही आणि पेन्सिल घेऊन आलोय. लिहून झालं की दाराच्या फटीतून आत सरकवीन. फट चांगली मोठी आहे. हिवाळ्याच्या आधी बुजव. इर्मा दर वर्षी बुजवायची.

आता कामाचं.

मी तुझ्याशी भांडायला आलोय. या जन्मात माझ्या हातातून ज्या ज्या चांगल्या बंदुका सुटल्या, त्या प्रत्येकीच्या मागे तू आहेस. लुईसटाउनच्या त्या गहाणवट्याकडची विंचेस्टर घे. मी नळीतून उजेड बघत होतो आणि तू कानाशी येऊन पुटपुटलास, “आत गंज आहे रे, पैसे पाण्यात घालशील.” मी साधा माणूस, ठेवली खाली. पुढच्याच आठवड्यात ती तुझ्या पिकअपच्या मागच्या काचेपाशी लटकत होती. मी विचारलं, गंजाचं काय झालं? तर म्हणालास, “पुसला.” त्या विंचेस्टरनं तू सांबरासारखे थोराड एल्क किती पाडलेस, आणि दर वेळी मांसाचा वाटा पाठवताना इर्माच्या हातानं चिठ्ठी पाठवायचास, “गंजलेल्या बंदुकीकडून.” ते मांस मी खाल्लं. चव लागली नाही.

मग ती म्हातारीची कोल्ट. नवरा गेलेला, घर आवरायला काढलेलं, पिस्तूल पेटीतून बाहेर निघालेलंसुद्धा नव्हतं. तू म्हणालास, “घाई करू नकोस, नाताळपर्यंत थांब, म्हातारी भावात खाली येते की नाही बघ.” म्हातारी खाली आली नाही. बिलिंग्जहून एक दातांचा डॉक्टर आला आणि घेऊन गेला. दातांचा डॉक्टर! त्याला कोल्ट कशाला हवी होती, दाढा काढायला?

आणि ती दुनळी. शेतावरच्या लिलावात मी हात वर करणार तेवढ्यात तू माझा हात धरून खाली ओढलास. का, तर बोली लावणारा तुझा ओळखीचा होता आणि त्याच्या घरी त्या वर्षी वाईट दिवस होते. तुझा ओळखीचा! मी कोण होतो मग? अजून कुठे दुनळी दिसली की माझं मनगट दुखतं.

आता तूच खिडकी उघडलीस. जे बोललास ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकबूल करायला नको.

“गाडी काढ अंगणातून!”

“बोलायचंय.”

“मला नाही बोलायचं. शेरीफला फोन करीन.”

“कर. बरं होईल. तोही मदत करू लागेल.”

“कसली मदत?”

एवढ्यावर तू खिडकी आपटलीस. काच फुटली असती तर हिवाळ्यात गारठला असतास. दाढी वाढलीय तुझी. शर्ट रविवारचा आहे आणि आज मंगळवार. बहिणीच्या घरात असा माणूस बघायची मला सवय नाही.

मी इथं का आलो ते सांगतो. सकाळी गुरांना चाटायला मिठाच्या विटा आणायला धान्याच्या दुकानात गेलो होतो. जोलीननं काउंटरवरूनच हाक मारली. “ऑरिन, जाहिरातींच्या फळ्यावर बघितलंस का? तुझ्या मेहुण्यानं रायफल विकायला काढलीय. आता तरी घे बाबा, का अजून घासाघीस करायचीय?” दुकानातले दोघंतिघं हसले. मीही हसलो. मेहुण्याची रायफल आणि मी विकत घ्यायची! त्यापेक्षा दगड मारून एल्क पाडीन, म्हणालो. सगळे पुन्हा हसले.

मग फळ्यापाशी गेलो. कार्ड तुझ्या अक्षरातलं. रायफल कुठली, तर लग्नात इर्मानं तुला दिलेली. किंमत लिहिलेली नाही. खाली फक्त एवढंच : “चांगल्या घरी द्यायची आहे.”

क्लेट, असं माणसं कुत्र्याच्या पिल्लांबद्दल लिहितात. बंदुकीच्या कार्डावर असं लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. बंदुकीच्या कार्डावर “भाव करू नये” असतं आणि मग सगळे भाव करतात. मी तिथंच उभा राहिलो. पायाला काहीतरी ओलं लागलं म्हणून खाली बघितलं, तर काउंटरच्या आडोशाला तुझा कुत्रा, बस्टर, बसलेला, माझा बूट चाटत होता. जोलीन म्हणाली, “अरे हो, हा पण दिला त्यानं. म्हणाला, तुझ्याकडे बरा राहील. किती गुणी आहे!”

ती हसत होती. तिचं काही चुकलं नाही, ती शहरातून आलेली. तिला कॅलेंडर माहीत नाही. पण तुला माहीत आहे आणि मलाही. शिकारीचा मोसम रविवारी उघडतोय. माणूस बंदूक विकतो तो डिसेंबरात, फ्रीजर भरला की. नाहीतर वसंतात, कराची कागदपत्रं आली की. मोसमाच्या आठवड्यात आपल्याकडे माणसं बायको उसनी देतील, पण एल्कची रायफल देणार नाहीत. ऑक्टोबरात कोणी बंदूक विकत नाही.

कार्ड मी फळ्यावरून काढून घेतलं. माझ्या खिशात आहे. दुसरं कुणी गिऱ्हाईक येणार नाही, वाट बघू नकोस.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण पान फाडू नकोस.

तुझ्या धाकट्या भावाबद्दल लिहितोय. हार्लन त्या वर्षी माझ्या दारात आला तोही ऑक्टोबरच होता. घोंगडीत गुंडाळून रायफल आणली होती. म्हणाला, “ऑरिन, ही घे. तुझ्याकडे बरी राहील.” मी घोंगडी सोडली, नळी बघितली, दस्ता बघितला. दस्त्यावर चरा होता. मी म्हटलं, हा चरा बघ, निम्मेच देईन. आता तू सांग, मी काय चुकीचं केलं? आपल्यात भाव न करता कुणी वस्तू घेतो का? न बोलता पूर्ण पैसे काढून दिले तर समोरच्याला भीक घातल्यासारखं होतं. हार्लन तर घासाघिशीचा बादशहा. एरवी तो माझ्या आईबापांचा उद्धार करत तासभर बसला असता, वरून कॉफी प्याला असता. त्या दिवशी फक्त म्हणाला, “बरं, राहू दे.” घोंगडी पुन्हा गुंडाळली आणि गेला. मी दारात उभा राहून हसलो. म्हटलं, येतोय परत दोन दिवसांनी. मी सगळा वेळ तो चरा बघत होतो. त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

परत तो आला नाही. त्याच रायफलीनं त्यानं स्वतःचा जीव घेतला. लिहिलं बघ. आठ वर्षांत हे वाक्य मी ना कुणाला बोललो ना कुठे लिहिलं.

आणि तू त्याला पुरून आल्यावर, सगळ्या गावादेखत, हातात कॉफीचा कप घेऊन मला काय म्हणालास? “बंदूक हातात घेऊन आला होता तो तुझ्या दारात! चार डॉलर जास्त सुटले नाहीत तुझ्या हातून!” पाद्रीबुवा जागच्या जागी थिजले. इर्मानं तोंड झाकलं. मी टोपी उचलली आणि निघालो. त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही तो तू खोटं बोललास म्हणून नाही. खरं बोललास, आणि ते माझ्याशी एकट्याशी बोलायचं सोडून बटाट्याच्या भांड्यापाशी उभं राहून बोललास, म्हणून. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तू मरेपर्यंत माफ करणार नाही, आणि लक्षात ठेव, मला घाई नाही.

विंचेस्टर गेली, कोल्ट गेली, दुनळी गेली. त्यांच्यासाठी मी कधीमधी हळहळतो, तुला शिव्या देतो, झोपतो. त्या एका चरा पडलेल्या रायफलीनं मात्र माझी झोप खाल्ली. दस्ता दुभंगलेला असता, नळी वाकडी असती, तरी मी ती घ्यायला हवी होती. तिनं एक गोळी धड झाडली नसती तरी चाललं असतं. ती फक्त त्याच्या घरात नको होती, एवढंच तिचं मोल होतं. आणि हे त्याला तोंडानं सांगता आलं नाही. आपल्याकडे कुणाला येतं सांगता? “मला बरं वाटत नाही” म्हणायच्या ऐवजी आपण म्हणतो, “बंदूक घेतोस का?”

तेव्हा गाढवा, मी तुझं कार्ड वाचलंय. बरोबर वाचलंय.

तू म्हणशील, अख्ख्या तालुक्यात मीच कसा तडमडलो. मलाही तेच वाटलं. दुकानातून थेट इथं येताना वाटेत शिव्याच देत होतो. इतकी माणसं आहेत, पाद्रीबुवा आहेत, आणि देवानं या माणसाच्या दारात नेमकं मला पाठवावं! पण दुसरा कुणी आला असता तर तुझ्याशी गोड बोलला असता, खांद्यावर हात ठेवून निघून गेला असता. माझं तुझ्याशी वाकडं आहे, त्यामुळे मला तुझं मन राखायचं नाही. मी जाणार नाही.

पाच पानं झाली. आता सरकवतो.

सरकवली. तू आत चालत आलास ते ऐकू आलं, वहाणा फरफटत. मग खुर्ची सरकली. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून होतो. गुडघा ठणकत होता. एकदा वाटलं दार फोडावं, पण या वयात दारापेक्षा मीच आधी मोडलो असतो. आत कसला तरी आवाज झाला आणि मी गुडघा विसरून ताडकन उठलो. तू नाक शिंकरलंस. आयुष्यात कुणाचं नाक शिंकरणं मला इतकं गोड लागलं नव्हतं.

शेवटचं पान फटीतून परत आलं. कडेला तुझ्या अक्षरात एकच ओळ :

“कुठली हवीय तुला?”

सगळ्या, क्लेट. कपाटातल्या, गोठ्यातल्या, पिकअपमधली, इर्माच्या शिवणयंत्रामागे ठेवलेली. भाव करणार नाही, तू सांगशील तो आकडा. भीक समज, अपमान समज, गावभर सांगत फिर. काडतुसं वेगळी दे. वसंतात परत मागशील तेव्हा देईन की नाही ते मी ठरवीन.

पण आधी ती दे, जी आत्ता तुझ्या मांडीवर आहे. दस्ता माझ्याकडे, नळी जमिनीकडे. दाराला कडी आतून आहे, ती तूच काढायला हवीस.

पायरीवरच आहे,
तुझा मेहुणा
ऑरिन