लिंबाखालची गळती

३ मार्च, सोमवार
सापडली एकदाची! आणि कुठे, तर आमच्याच फाटकाशी! टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढत नाही म्हणून गळती शोधत आम्ही पाणीखात्यातल्यांनी अख्खा भाग पालथा घातलेला. आज ऑफिसला निघताना सहज गळती ऐकायचा दांडा रस्त्यावर टेकवला, दुसरं टोक कानाला — खाली फुसफुस चालूच. बरोबर सासरेबुवांच्या लिंबाखाली.

कुणाला बोलले नाही.

५ मार्च, बुधवार
शेजारच्या बागा करपल्या, आमचं लिंबू मात्र फळांनी वाकलंय. बाबा रोज एक झारी घालतात आणि सांगत सुटतात, "हाताचा गुण आहे माझ्या!" सासूबाई गेल्यापासून त्यांचा जीव त्या झाडातच. न्हाव्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना लिंबं वाटतात. आज माझ्या पिशवीत दोन टाकली — "साहेबांना दे. डोकं थंड राहील म्हणावं."

गळती बुजवली की झाड जाणार. एवढं मोठं झाड झारीवर कुठलं तगायला?

७ मार्च, शुक्रवार
साहेबांनी विचारलं, "तुमच्या बाजूला काही लागलं?" म्हटलं, अजून नाही. जीभ कशी रेटली माझी!

८ मार्च, शनिवार
टेकडीवर जाऊन आले. एक बाई कडेवर पोर, हातात रिकामी बादली घेऊन उभी. म्हणाली, "ताई, जमिनीखाली एवढे पाइप घातलेत म्हणता, मग आमच्या नळाला नुसता वारा का येतो?" लांबून उपसायचं, गाळायचं, वीज जाळून शहरभर फिरवायचं, आणि ते पाणी पितंय आमचं लिंबू.

सोमवारी सांगायचं. नक्की.

१० मार्च, सोमवार
नाही सांगितलं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "सूनबाई, रोज सकाळी फाटकाशी काय ऐकत असतेस गं?" म्हटलं, काही नाही हो, सवय. ते चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

१२ मार्च, बुधवार
तक्रार आली! फोनवर. आमची गल्ली, आमचं फाटक, सगळं पत्त्यासकट. साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या दारातलीच की!" सगळे हसले, मीही हसले. शेजारच्या काकूच, दुसरं कोण! त्यांच्या लिंबाला फळ धरत नाही ना. त्यांचा गळा दाबावा की पाया पडावं, कळेना. पण आता खोटं बोलायला नको — केवढं हलकं वाटलं!

१४ मार्च, शुक्रवार
खणलं. मुळांनी पाइपला घट्ट मिठी मारलेली. बरीच तोडावी लागली, तेव्हा कुठे चीर दिसली. पट्टा आवळला, खड्डा बुजवला. बाबा खुर्ची टाकून बघत होते. खणणाऱ्यांना चहाही त्यांनीच दिला. मला म्हणाले, "म्हणजे हाताचा गुण नव्हता तर!" आणि मोठ्यांदा हसले. मी आत जाऊन मोरीत रडून घेतलं.

संध्याकाळी टेकडीवरून निरोप आला, पाणी चढलं. बाबांना सांगितलं. "बरं झालं हो," म्हणाले.

२७ मार्च, गुरुवार
पानं पिवळी पडून गळतायत. बाबा आता चार झाऱ्या घालतात. मी भाजी धुतलेलं पाणी नेऊन ओतते. काकूंशी मी अबोला धरलाय. त्या बिचाऱ्या बघत राहतात.

२ एप्रिल, बुधवार
ऑफिसात तक्रारींचे फोन घेणारी पोरगी आज रजेवरून आली. डबा खाताना म्हणाली, "ताई, त्या लिंबाखालच्या गळतीचा फोन मीच घेतला होता. आजोबा होते कुणी. नाव विचारलं तर म्हणाले, 'नाव नको लिहूस, बाळ. माझी सून तुमच्याच खात्यात आहे. माझ्या झाडापायी तिला खोटं बोलावं लागतंय, ते मला बघवत नाही.'"