गाठ सुटली!

१५ ऑगस्ट २००३, संध्याकाळ

शाळेच्या झेंड्यात दरवर्षी आमच्या मळ्यातल्याच गुलाबाच्या पाकळ्या असतात. मी नि सासूबाई पाकळ्यांची पाटी फाटकाशी ठेवून परत फिरायचो. आज मोठ्या बाई म्हणाल्या, “वहिनी, या वर्षी झेंडा तुम्हीच बांधा अन् तुम्हीच फडकवा.”

बांधला. पण सवयीनं गाठ मारली ती नाशिकच्या बाजाराला नेतो त्या गाठोड्याची, वाटेत काही केल्या न सुटणारी! दोरी ओढली, झेंडा उघडेना. सगळी पोरं माझ्याकडे बघतायत. कशाला ‘हो’ म्हटलं मी? तिसऱ्या हिसक्याला ती मेली गाठ सुटली आणि पाकळ्या थेट माझ्या डोक्यावर.

मागून सासूबाई ओरडल्या, “फडकला की गं आपला झेंडा!”

आपला म्हणाल्या. आजवर ‘शाळेचा’ म्हणायच्या.