मी एक्स्पायर झालो त्याची हकीकत

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (तू लांब असल्यामुळे मनातल्या मनात वाकलो आहे. प्रत्यक्ष वाकायचं तर आधी कमरेला विचारावं लागतं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी कानातलं यंत्र आता नीट वापरतात, की अजूनही तू बोलायला लागलीस की काढून ठेवतात? इकडे मी खुशाल आहे. हे वाक्य लोक सवयीने लिहितात, मी मात्र मुद्दाम लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात मी गेल्याची बातमी तुझ्यापर्यंत पोहोचली होती. नंतर फोनवर मी 'अगं, मी आहे' एवढंच म्हणू शकलो. पुढे तू आधी रडलीस, मग मला फैलावर घेतलंस आणि खरी हकीकत राहूनच गेली. ती आता सांगतो. चहा घेऊन बस.

निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पोहायला जातो हे तुला माहीत आहे. (पोहायला असं मी म्हणतो. तिथले लोक मला कासवकाका म्हणतात, यावरून काय ते समज.) तलावावर काचेचं छप्पर आहे आणि माझं खरं सुख पाठीवर नुसतं तरंगण्यात आहे. कान पाण्याखाली गेले की जगाचं दार कुणीतरी हलकेच लोटून घेतं. छपरातून उजेड खाली उतरतो, पाण्याला लागून परत वर जातो आणि काचेवर चुरगळलेल्या रेशमासारखा हलत राहतो. तुझी भावजय गेल्यावर घरात जी शांतता आली ती मला सोसत नव्हती. ही पाण्यातली शांतता निराळी, हिच्यात माणसं येऊन जाऊन असतात. आपण कोण, किती वर्षांचे, सगळं विरघळून जातं. एकदा तर आईने हाक मारल्यासारखं वाटलं आणि मी 'आलो' म्हणालो. बरंच पाणी पोटात गेलं, पण हाक खरी वाटली होती.

तर आमच्या लेकीने तिच्याकडे माझ्यासाठी खोली तयार केली. पडदेसुद्धा लावून झाले. मी हो म्हणून बसलो होतो, कारण नाही म्हणायला सबळ कारण सापडेना, आणि एकट्या माणसाचं 'मला इथंच बरं वाटतं' हे कुणी कारण म्हणून धरत नाही. त्यामुळे तलावाच्या सभासदत्वाची मुदत संपली तरी मी ती वाढवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं एकदा तरंगून घ्यावं आणि कुणाला काही न बोलता निघून यावं, असा माझा बेत होता.

इकडे तलावावरचा खिडकीतला कारकून नवा. पोरगा हुशार, पण शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. मुदत संपलेल्याला आत सोडू नये हे त्याला दारावरच्या माणसाला कळवायचं होतं, ते फोनवरून गेलं सगळ्या सभासदांना. 'कासवकाका एक्स्पायर झाले. नोंद घ्यावी.' सभासदत्व हा शब्द लांबलचक म्हणून त्याने गाळला. आता ताई, या एक्स्पायर शब्दाची गंमत बघ. दुधाची पिशवी एक्स्पायर होते, लायसन्स एक्स्पायर होतं, तेव्हा कुणी डोळे पुसत नाही. तोच शब्द माणसाला लावला की आपण आवाज खाली आणतो. 'मेले' म्हणवत नाही, 'वारले' म्हणताना घसा दाटतो, म्हणून आपण इंग्रजीतला हा शब्द आणून ठेवला, पाहुण्यासमोर मांडायच्या कपबशीसारखा. माझा फोन तेव्हा दुरुस्तीला होता, त्यामुळे माझी मलाच खबर नव्हती. आमच्या तलावावरच्या मास्तरांनी (शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता आम्हाला शिकवतात) कुठून तरी तुझा नंबर मिळवला आणि तुला कळवलं.

सकाळी जातो तर खिडकीत कारकून नाही, दारावर माणूस नाही. आपलं नशीब चांगलं, असं म्हणत मी टोपी आणि चष्मा चढवून पलीकडच्या खोल टोकाच्या शिडीवरून आवाज न करता पाण्यात उतरलो आणि पाठीवर पडलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर काठावर सगळी मंडळी रांगेत उभी, खांद्यावर टॉवेल, माना खाली. काही नवा व्यायाम असेल, असं मला वाटलं. पाण्यातून ती सगळी नदीकाठच्या झाडांसारखी दिसत होती, किंचित हलणारी, फार सुंदर. आपण इतकी वर्षं या लोकांत पोहलो आणि ते सुंदर आहेत हे आज कळतंय, याचं मला नवल वाटत होतं.

तरंगत तरंगत डोकं कठड्याला टेकलं आणि कान वर आले. मास्तर बोलत होते. कुणीतरी फार भला माणूस गेला होता. तो कधी कुणाच्या अंगावर पाणी उडवत नसे, लहान मुलांसाठी आपली जागा सोडत असे. असा सज्जन आपल्याच तलावात होता आणि आपली ओळख राहून गेली, म्हणून मलाही वाईट वाटलं. मी तरंगतच टोपी काढली.

मग औषधवाल्या बाई पुढे आल्या. समोरचं औषधाचं दुकान त्यांचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान त्या एकट्याच सांभाळतात. त्या माझ्याच पट्ट्यात पोहतात. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "वळताना ते नेहमी मला आधी जाऊ द्यायचे. त्यांना चहाला बोलवायचं माझ्या मनात होतं. रोज वाटायचं, आज विचारू. आणि रोज 'पाणी गार आहे' एवढंच बोलून मी घरी जायची."

ताई, 'पाणी गार आहे' हे त्या फक्त मला म्हणतात.

तरंगायचं कसं हे मी त्या क्षणी विसरलो आणि सरळ बुडालो. खोकत वर आलो तेव्हा बायका किंचाळल्या, मास्तर मटकन खाली बसले आणि कारकून कपड्यांसकट पाण्यात पडला. (तो बिचारा मघापासून दुखवट्यात उभा होता. कोण गेलं हे त्याला माहीत नव्हतं, पण विचारणं बरं दिसणार नाही म्हणून गप्प होता.) मी कठड्याला धरून बाईंना एवढंच म्हणालो, "तुम्ही बोला, मी ऐकतोय."

पुढे गोंधळ निस्तरल्यावर मास्तरांनी तिथंच शब्दाची फोड केली. एक्स्पायर म्हणजे मुळात श्वास बाहेर सोडणं, म्हणे. त्या हिशोबाने आपण सगळेच रोज इथं पाण्यात तोंड घालून एक्स्पायर होतो आणि बुडबुडे वर येतात. कारकून निथळत विचारत होता की मग काकांची मुदत वाढवायची का. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, कारण बाईंनी मला चहाला बोलावलं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांवर बसून आम्ही चहा घेतला. तारीख उलटली की औषध त्याच दिवशी निकामी होतं का, असं मी विचारलं. ते औषधावर असतं, असं म्हणून त्या माझ्याकडे बघून थांबल्या. मी चहा सांडला. तेव्हापासून रोज पोहून झालं की चहा तिथंच होतो.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार सांग, यंत्र कानात असताना.

तुझा,
धाकटा

ता. क. मी लेकीकडे राहायला जाणार नाही. आम्ही दोघं लग्न करायचं म्हणतोय. हे लेकीला तू सांग. तू तिची आत्या, तुझ्यापुढे ती जास्त बोलत नाही. मी कितीदा तरी फोन लावला आणि पडद्यांचा रंग विचारून ठेवून दिला.

आणखी एक. बाईंनी आत्ताच हे पत्र वाचलं. त्या म्हणतात, एक गोष्ट चुकली आहे. मी शिडीवरून उतरलो तेव्हाच त्यांनी मला पाहिलं होतं. मी विचारलं, मग सगळ्यांना लगेच सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "मी तुमचे कान पाण्याबाहेर यायची वाट बघत होते."