ओशिरोबाईंचे एक लाख ऐंशी हजार येन

३ एप्रिल, तुंगकांग, घरी
ओशिरोबाईंचा निरोप आला. जपानमधला, नाहाचा फ्लॅट आठ रात्रींसाठी नक्की. उरलेले एक लाख ऐंशी हजार येन पोचल्यावर रोख. मोजून घेणार, मगच चावी. कार्ड चालणार नाही. बरंच झालं. कार्डावर जगणं मला तत्त्वतः मान्य नाही. (बँकेने अर्ज नाकारला तो वेगळा विषय.)
आईने भिशी उचलली. दोन वर्षं फिशबॉल वळून भरलेली. तिचा आणि बाबांचा पहिला परदेश प्रवास. काही चुकता कामा नये.
आत्याही येतेय. ती म्हणाली, पैसे माझ्याकडे दे, पोटाला बांधते. तिला समजावलं की आता असं करत नाहीत. घरातली एकटी पदवीधर मी. जबाबदारी माझी.

५ एप्रिल
मोठी रोख रक्कम नेण्याचे अकरा नियम लिहून फ्रीजवर लावले. मुख्य तीन: रक्कम दोघांत विभागायची. आपला वाटा कुठे लपवला ते कुणालाही सांगायचं नाही, मलासुद्धा. आणि घराबाहेर ‘पैसे’ हा शब्द काढायचा नाही.
अर्धे बाबांना दिले. ते नियम पाठ करत होते. आत्या म्हणाली, लग्नात याला बायकोचं नाव आठवेना, अकरा नियम आठवणार होय!
दुर्लक्ष केलं.

८ एप्रिल, दुपारी १२.४०, नाहा विमानतळ
छोटा प्रसंग. उत्तम हाताळला.
तपासणीचा कुत्रा बाबांच्या बॅगेपाशी येऊन बसला. बॅगेत डुकराच्या सुक्या मांसाच्या चुऱ्याचा डबा. सकाळच्या पेजेवर हाच लागतो त्यांना. जपानात मांस आणायला बंदी, हे मी घरी सांगितलं होतं. मी स्वतःहून डबा काढून अधिकाऱ्याच्या हातात दिला. चार वर्षं जपानी शिकले ती आज कामी आली. मागची सगळी रांग ऐकत होती.
बाबा बाही ओढत होते. अगं, त्यात ते आहे. म्हटलं, बाबा, त्यात डुक्कर आहे, म्हणूनच तर द्यायचं. ते म्हणाले, ते नव्हे गं, ते दुसरं ते. गणवेश दिसला की घाबरतात बिचारे. मग आपोआप गप्प झाले.
डबा नष्ट करण्याच्या कागदावर सही मी केली. अधिकारी वाकला. भरून आलं.

दुपारी ४.१५, फ्लॅटच्या जिन्यात
ओशिरोबाईंनी माझे नव्वद हजार दोनदा मोजले. बाकीचे? मी बाबांकडे हात केला. बाबा बुटांकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, आता ‘पैसे’ म्हटलं तर चालेल का?

४.५०
विमानतळावर फोन. जप्त केलेलं सगळं दुपारच्या गाडीने भट्टीला गेलं. मी म्हटलं, परवानगीशिवाय कसं? ते म्हणाले, सही आहे.
आई पायरीवर बसली आहे. काही बोलत नाही. बोलली असती तर बरं.

५.३०
ओशिरोबाईंना सुचवलं की उरलेली रक्कम मी घरी जाऊन पाठवीन, माझा शब्द आहे. त्या म्हणाल्या, पोरी, चेहरा गोड आहे तुझा, पण चेहऱ्यावर मी चावी देत नाही. नव्वद हजारांत चार रात्री. बारा तारखेला सकाळी दहाला खाली करायचं.
आत्या एवढंच म्हणाली, आजवर इतकी महाग पेज कुणी न खाता सोडली नसेल.

९ एप्रिल
निश्चय: चार दिवसांत नव्वद हजार मिळवायचे. तीन दुकानांत काम मागितलं. तिसऱ्याने विचारलं, परवाना आहे? नाही. कायद्याचा आदर म्हणून चौथ्या दुकानात गेले नाही.

१० एप्रिल
परतीची तिकिटं अलीकडे आणली. खाण्याफिरण्याचे होते ते त्यात गेले. आता पाकिटातल्या शेवया, दोन वेळा. मत्स्यालय रद्द. आई म्हणाली, जाऊ दे, मासे आयुष्यभर पाहिलेत. पहिल्यांदाच बोलली. मला मोरीत जाऊन रडावं लागलं.
नवे नियम लिहायला घेतले. पहिल्यावरच अडले.

११ एप्रिल, संध्याकाळ
बॅगा भरल्या. शेवटी बाबांना विचारलंच. नियम गेले खड्ड्यात, तिथे ओरडला का नाहीत?
म्हणाले, ओरडणारच होतो. मग तू बोलायला लागलीस. एवढा मोठा साहेब, मान हलवत ऐकत होता तुझं. सगळी रांग बघत होती. आपली पोर बोलतेय, मध्ये कसं बोलायचं? म्हटलं, बोलून झालं की सांगू. तोवर त्याने डबा आत नेला.
मग विचारलं, एवढं काय म्हणालीस गं त्याला?
मी म्हणाले होते ते असं: साहेब, माझे आईवडील अडाणी आहेत, त्यांना नियम समजत नाहीत, त्यांच्या वतीने मी क्षमा मागते.
बाबांना म्हटलं, विशेष काही नाही.
ते म्हणाले, विशेष नाही तर इतका वेळ कसा लागेल? म्हण ना परत. आणि आईला हाक मारली, ये गं, ऐक.
आई हात पुसत आली. बाबांशेजारी बसली.
म्हणून दाखवलं. जपानीत. सगळं.