पुढच्या पानाची कळ

३ मार्च, सोमवार
नोकरी लागली! शिनचूमधली लिफ्ट सांभाळणारी कंपनी, नववा मजला, खिडकीजवळची जागा. सोया दूध आणि अंड्याची पोळी चापून आलो होतो, तरी ओउयांगताईंनी अननसाची वडी हातावर ठेवलीच. त्या इथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर. म्हणाल्या, फान, किती रे काटकुळा तू, वायरींमध्ये हरवलास तर शोधायचा कसा? सर्व्हरच्या डोक्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. अगदी ताजं. बायकोला, शूहुईला, सातवा महिना. नोकरीचं ऐकून तिला रडूच आलं.

५ मार्च
काम सोपं आहे. दुपारी आमच्याच इमारतीच्या लिफ्टची तपासणी आपोआप सुरू होते, तेवढा वेळ लिफ्ट असेल तिथे थांबते. निकाल पेजरमध्ये, म्हणजे मजकूर पानापानानं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो: पडदाभर मजकूर, तळाशी दोन टिंबं, आणि पुढच्या पानाची कळ दाबेपर्यंत सगळं ठप्प, लिफ्टसुद्धा. प्रोग्राम बसवला की हीच सेटिंग येते. बंद करू का, असं त्साओसाहेबांना विचारलं. मूळ सेटिंगला हात लावायचा नाही म्हणाले, बिघडलं तर निस्तरणार कोण, तुझा बाप?

६ मार्च
माझ्या खुर्चीत आधी पंग याचुन बसायची. ओउयांगताईंनी आज सांगितलं. सेटिंग बदला म्हणून ती साहेबांच्या मागेच लागली होती. एका दुपारी साहेबांनी तिला कॉफी आणायला पिटाळलं. इथे जेवणानंतर दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकतात. झोपमोड नको म्हणून लिफ्टमधली मदतीची घंटीही बंद. ती लिफ्टमध्ये, तपासणी दोन टिंबांवर अडलेली, आणि कळ दाबायचं काम तिचंच. तिथेच दम्याचा झटका येऊन गेली.

त्यानंतर या लोकांनी बदललं काय, तर हिरवं पाकीट! संताप आला.

१० मार्च
साहेबांनी माझ्याकडून निवेदन लिहून घेतलं: जुन्या नोंदी तपासल्या, सेटिंग याचुननंच तशी करून ठेवली होती. म्हणाले, लेका, घरात पोर येतंय ना? सही केली. तिच्या आईला आता भरपाई मिळणार नाही. जेवण गेलं नाही.

११ मार्च
कळ न दाबता पान पुढे सरकलं. हळूहळू, कुणी ओळ न ओळ वाचावी तसं. ओउयांगताई म्हणाल्या, याचुन तशीच वाचायची. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

१२ मार्च
पुन्हा. कीबोर्डला हातही लावला नव्हता. साहेबांना सांगितलं तर हसले. पाकीट शिळं झालं असेल, उद्या नवं आण म्हणाले—

१३ मार्च, लिफ्टमध्ये
मोबाइलवर लिहितोय. तपासणीला अवकाश होता, म्हणून नवं पाकीट घेऊन लिफ्टनं वर निघालो. आज तपासणी आधीच सुरू झाली. घंटी दाबतोय—कुणी नाही.

ओउयांगताईंना फोन लागला. कळ दाबा म्हटलं. त्या कुजबुजल्या, अंधार आहे रे, आणि तुझ्या खुर्चीत कुणीतरी बसलंय. पडद्यावर तपासणी नाही. माझं निवेदन आहे. पान उलटतंय—

फोन तुटला.

लिफ्ट हलली. थोडी. खाली. आता पुन्हा—

वाचत वाचत माझ्या सहीपर्यंत आली असेल ती. याचुन, थांब. खरं लिहितो. इथेच. सेटिंग तुझी नव्हती. तू बदला म्हणत होतीस. नको म्हणणारा माणूस—