राहीने होकार का दिला

९ जानेवारी १९८६, गुरुवार
लांज्याहून होकार आला. काशीराममामा स्वतः एसटीने येऊन सांगून गेला. मुलगी राही, तिथल्या शाळेत शिक्षिका. वडील रावजी, घरची शेती. गेल्या रविवारी मित्राला, भिकाजीला, सोबत घेऊन बघायला गेलो होतो, आणि चार दिवसांत उत्तर. एवढी घाई कशाला? साखरपुडा दोन मार्चला. आईने देवापुढे साखर ठेवली. मी सावध आहे.

११ जानेवारी
कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या बरण्या मीच सांभाळतो, त्यामुळे शास्त्र मला परकं नाही. सरांच्या टेबलावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आज डब्याच्या सुट्टीत वाचलं. निवड मादी करते, आणि उगाच करत नाही. सुगरण पक्ष्याची मादी आधी घरटं तपासते. खाडीतला खेकडा मोठी नांगी हलवून दाखवतो, तेव्हा कुठे ती वळून बघते. माणसातही तेच: उंची, ताकद, मालमत्ता.
मग माझ्यात काय पाहिलं?

१२ जानेवारी, सकाळी ६
उंची मोजली. पाच फूट तीन. वहाणा घालून पाच चार. ताकदीसाठी आजपासून रोज पन्नास बैठका.
६.२०. अकरा झाल्या. गुडघा.

१५ जानेवारी
मालमत्ता. माझ्या वाट्याला आंब्याची सात कलमं, त्यातल्या दोनांना मोहरच धरत नाही. हे त्यांना माहीत नसणार. म्हणजे कलमांवर डोळा ठेवून होकार. सापडलं.
आईला सांगितलं. म्हणाली, पोरीन हो म्हटलान ना, मग गप ऱ्हा मेल्या. आई शास्त्र वाचत नाही.

२० जानेवारी
भयंकर शक्यता लक्षात आली. बघायला गेलो तेव्हा भिकाजी माझ्या शेजारीच बसला होता. उंच आहे, राजदूत मोटारसायकल आहे, डोक्यावर केस आहेत. राहीने त्यालाच नवरा समजून होकार दिला असेल तर? मामाला पत्र टाकलं.

२७ जानेवारी
मामाचं उत्तर. चष्मेवाला तोच नवरा, हे मुलीला पक्कं माहीत आहे, आणि पुन्हा असलं पत्र आलं तर तो लग्नाला येणार नाही. चिडला म्हणजे काहीतरी दडवतोय.
संध्याकाळी भिकाजीने विचारलं की साखरपुड्याला कुठला शर्ट घालू. त्याला कशाला हवी ही चौकशी?

१ फेब्रुवारी, शनिवार
पोट दुखतं म्हणून कॉलेजात सांगितलं आणि लांज्याला गेलो. बेत असा की शाळेसमोरच्या काजूच्या दुकानाआड उभं राहायचं, निरीक्षण करायचं, नजरेस पडायचं नाही. शाळा सुटली आणि राही सरळ माझ्याकडे चालत आली. कधी आलात, जेवलात काय, म्हणून विचारू लागली. मी वेळ न दवडता चाचणी घेतली. सांगितलं, दोन कलमं वांझ आहेत. ती म्हणाली, मामांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि आपण दोघं असे किती आंबे खाणार? हसली. एसटी येईपर्यंत थांबली. गाडी सुटताना भाजलेल्या काजूंची पुडी हातात दिली.
कलमांचा मुद्दा बाद. पण काजू का दिले?

८ फेब्रुवारी
आठवडाभर विचार करून निर्णय घेतला. नुसते अंदाज बांधणं अशास्त्रीय. सरळ विचारायचं. अठरा प्रश्न काढले. पहिला: होकाराची कारणे महत्त्वाच्या क्रमाने लिहा. सातवा: मोटारसायकलवाल्या पुरुषांविषयी आपले मत पाच ओळींत द्या. अकरावा चष्म्याबद्दल, तो ऐच्छिक ठेवला. उगाच कोणाला अडचणीत आणायचं नाही.
ऑफिसातल्या धाकूकडून स्टेन्सिल कापून घेतला. प्रत एकच हवी होती, पण सायक्लोस्टाइलवर छापलेल्या कागदाला वजन असतं. धाकूने वाचून विचारलं की परीक्षा कुठल्या वर्गाची. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आणि पोस्टात टाकलं.

१५ फेब्रुवारी
उत्तर नाही. प्रश्न अवघड गेले असणार. मुदत वाढवून द्यावी.
बैठका उद्यापासून पुन्हा.

१९ फेब्रुवारी
अजून नाही. भिकाजीही दोन दिवस गायब. तापाने पडलाय असं त्याच्या घरून कळलं. खात्री करायला गेलो, कपाळाला हात लावून पाहिला. ताप होता. मी भेटायला आलो म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लवकर निघालो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
उत्तर आलं. माझ्याच पाकिटातून, प्रश्नपत्रिका कोरी, सोबत एक कागद.
राही लिहिते की तिला बघायला माझ्याआधी सहा जण येऊन गेले. एकाने अंगणात चालून दाखवायला लावलं. एकाने सुईत दोरा ओवायला दिला. एकाच्या आत्याने केस सोडायला लावले आणि ओढून पाहिले. मी एकटाच असा निघालो की काही म्हणजे काही विचारलं नाही. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला तपासत नाही, याच्या घरी निवांत राहता येईल. म्हणून हो म्हटलं. कारण एवढं एकच होतं, त्यामुळे क्रम लावता येत नाही. आता अठरा प्रश्न आल्यावर तेही उरलं नाही.
खाली रावजींच्या अक्षरात एक ओळ: दोन मार्चला येण्याची तसदी घेऊ नये.

संध्याकाळी ७
आईला अजून सांगितलं नाही. ती पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत बसली आहे.
पुस्तक पुन्हा चाळलं. न विचारणाऱ्या नराबद्दल त्यात काही नाही.
खरं काय ते लिहून ठेवतो. त्या रविवारी माझी उजवी दाढ ठणकत होती, तोंड उघडवत नव्हतं. विचारायचे बारा प्रश्न लिहून खिशात नेले होते, ते तसेच परत आणले. मंगळवारी दाढ काढून टाकली.
मग रोजनिशी पहिल्या पानापासून वाचली. राही मला आवडली होती, फार आवडली होती. हे एकाही पानावर लिहिलेलं नाही.