पुस्तकी किड्यांच्या तालमीत दोर धरताना

आदरणीय मेहुणेबुवा श्री. सीब्रन यांसी,

आम्स्टरडॅमहून ट्युनिसचा आदरपूर्वक नमस्कार. आपला खुबा, आपल्या कन्येचा राग आणि हार्लिंगनचा वारा ही तिन्ही सध्या सौम्य असतील, असे धरून चालतो. इकडे सर्व कुशल आहे (गुडघा वगळून).

आपण विचारलेले नाही, तरी कळवितो की, मी एका तालमीत नाव घातले आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावले की, घरात बसून राहू नका, चार माणसांत जाऊन घाम गाळा. प्रथम कोपऱ्यावरच्या तालमीत गेलो. तेथे भिंतभर आरसे होते आणि प्रत्येक आरशात तोच एक म्हातारा एकटा उभा होता, म्हणून परत फिरलो. पुढे कळले की, कालव्याकाठच्या मसाल्याच्या जुन्या वखारीत (जिच्या माथ्यावरच्या कप्पीला आपण स्वतः तेल घालीत असा, तीच) एक निराळी तालीम निघाली आहे. तेथे आरसे नाहीत, कर्कश संगीत नाही, आणि येणारे सर्वजण स्वतःस अभिमानाने ‘पुस्तकी किडे’ म्हणवितात. मी चौथी इयत्ता उत्तीर्ण आहे. तेव्हा किडा म्हणून नसला तरी अळी म्हणून प्रवेश मिळावा, असा मी विचार केला.

तालमीच्या चालक फेनाबाई. ताऱ्यांच्या अंतरावर प्रबंध लिहून पुरा झाला आणि त्यांना स्वतःच्या घराचा जिना चढवेना, तेव्हा त्यांनी ही तालीम काढली. त्यांनी विचारले, “आजोबा, तुम्ही कुठल्या काल्पनिक जगातले?” (मी कोणाचाही आजोबा नाही, हे त्यांस नम्रपणे सांगितले.) मी म्हणालो, योर्डान मोहल्ल्यातला. त्या हसल्या. परंतु आपली बहीण, माझी गेस्के गेली, तिच्यामागून आपण कन्येकडे राहावयास गेलात, खारवलेल्या हेरिंगची गाडी गेली आणि आपल्या नेहमीच्या पिठाच्या दुकानात आता सुगंधी मेणबत्त्या विकतात. मी दिलेले उत्तर चुकीचे होते, असे मला अद्याप वाटत नाही.

येथे व्यायाम असा कोणी करीत नाही, मोहिमेवर निघतात. चौघांची टोळी, प्रत्येकास सोंग नेमून दिलेले, आणि बैठका किती मारायच्या ते वीस बाजूंचा एक फासा ठरवितो. मला त्यांनी ‘डोंगराखालचा बुटका’ केले. माझी उंची आपण जाणताच; मी टोपी उचलून दाराकडे निघालो. तेव्हा आमच्या टोळीतले रुटगर (बँकेत संगणकाचे काम करतात, येथे शूर सरदार असतात) आडवे आले. म्हणाले, “अहो काका, बुटके म्हणजे मानाचं पद. दणकट असतात, हट्टी असतात, आणि केलेला अपमान सात पिढ्या विसरत नाहीत.” वर्णन अचूक होते. मी टोपी पुन्हा खुंटीस लावली.

आता मूळ हकीगत. गेल्या मंगळवारी ड्रॅगनचे अंडे, म्हणजे वाळूचे भले मोठे पोते, माळ्यावरच्या घरट्यात पोचवायचे होते, आणि तेही त्याच कप्पीवरून. दोर माझ्या हाती आल्यावर, सीब्रन, इतकेच लिहितो की, हाताला सर्व आठवत होते. गुडघासुद्धा गप्प बसला. अंडे असे चढले की, किड्यांनी टाळ्या वाजविल्या. रुटगर यांनी वरून ते आत ओढले आणि म्हणाले, “झालं काका, सोडा.”

मी सोडले नाही.

‘झालं’ हे कोणीही म्हणतो. आपण वरच्या खिडकीत, मी खाली दोरावर आणि मधोमध कोणाचा तरी पियानो, अशी लोकांचे सामान चढविण्यात आपली हयात गेली. आपण ‘टेकलं’ म्हटल्यावाचून मी कधी दोर सोडला आहे काय? दोर ताठ, म्हणून रुटगर यांस गाठ सुटेना, आणि मला मूठ सुटेना. घाबरून कोणी रुग्णवाहिका बोलवावी, तर हे पुस्तकी किडे. त्यांचे एकमत झाले की, बुटक्याचा दगड झाला आहे. लगेच फासा पडला. आमच्या टोळीतल्या वैदूबाईंनी माझ्या डोक्यावर हात धरून मंत्र म्हटला. आकडा कमी पडला म्हणून पुन्हा म्हटला.

अखेर मी शब्द सांगितला. रुटगर यांनी तो वरून म्हटलाही, परंतु खाते बंद करताना म्हणावा तसा. मग फेनाबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, दोराचा भार त्यांनी घेतला आणि माझी बोटे एकेक करून सोडविली. विचारले, “कुणाची वाट बघत होता?” मी म्हणालो, वय झाले, हात ऐकत नाही. नंतर सर्वांनी कॉफी आणि पाकातली बिस्किटे दिली. बिस्किटे बरी होती.

कन्या हिल्के हिस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

आपला नम्र,
ट्युनिस

ता. क. आपली येथे उणीव भासते, असा या पत्राचा अर्थ काढू नये.

ता. क. वैदूबाई पुढील महिन्यापासून उट्रेख्टला राहावयास जात आहेत. टोळीत चौथी जागा रिकामी होते. दुसरा बुटका येत आहे, त्याचा खुबा दुखतो, त्यास बैठका माफ असाव्यात, असे मी सांगून टाकले आहे. फेनाबाईंनी मान्य केले. आपली खोली झाडून ठेवली आहे, खिडकीही तेलपाणी केल्याने सहज उघडते.

ता. क. हिल्के येऊ देत नसेल, तर दूरध्वनीवर तो एक शब्द तेवढा म्हणावा, म्हणजे मी मोकळा होईन.

ता. क. वरील ओळ रद्द समजावी. दूरध्वनीवर काही म्हणू नकोस. मी दोर धरलेला आहे. तू सावकाश ये.